ज्याची चिठ्ठी त्याच्या घरी

गल्लीत तिला सगळे कडक वहिनी म्हणत. एक तर तिच्या हातची इस्त्री कडक, आणि दुसरं म्हणजे जीभ. कोपऱ्यावर तिची पत्र्याची टपरी होती, सासऱ्यांनी उभी केलेली. सासरे गेले, नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी आला तर पाहुण्यासारखा दोन दिवस राहून परत जाई. टपरी गेली सतरा वर्षं वहिनीच चालवत होती. बेचाळीस घरांचे कपडे तिच्या हाताखालून जात, आणि इतक्या वर्षांत एका घरचा रुमालसुद्धा दुसऱ्या घरी गेलेला नव्हता. याचा तिला भारी तोरा होता आणि तो तिने कधी लपवलाही नाही.

यामागे तिची एक शिस्त होती. अगदी सुरुवातीला एका उशीच्या अभ्र्यावरून दोन घरांत जुंपली होती आणि शेवटी दोघांनी मिळून वहिनीलाच धारेवर धरलं होतं. तेव्हापासून तिचा नियम झाला. गाठोड्यात यादी हवी, आणि ती हाताने लिहिलेली हवी. शर्ट चार, चादरी दोन, अभ्रे सहा. यादी नसेल तर गाठोडं आल्या पावली परत. लोक आधी कुरकुरले, मग अंगवळणी पडलं. कुणी पाकिटाच्या पाठीवर लिही, कुणी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. होता होता वहिनीला सगळ्या गल्लीचं अक्षर पाठ झालं. गाठोडं कुणाचं हे कापडावरून नाही कळलं तरी यादीवरून कळे.

मग रस्ता नवा करायचं निघालं. जुने पाइप सडले होते, फुटपाथ तर नावालाच उरला होता, तेव्हा कुणाची ना नव्हती. त्यातून या खेपेला रस्ता लोकांना विचारून करायचा, असं वरून आलं होतं. एक तरुण इंजिनिअर आला, अंगाने काटकुळा, बोलायला लोण्यासारखा. वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर त्याने भला मोठा नकाशा पसरला. त्यावर प्रत्येक घर होतं, प्रत्येक झाड होतं, विजेचा प्रत्येक खांब होता. कोपऱ्यावर एक बारीकसा चौकोन होता आणि फुटपाथची हिरवी रेघ त्या चौकोनाच्या बरोबर मधून गेली होती.

"ही माझी टपरी," वहिनी म्हणाली.

"अजून काही ठरलेलं नाही, वहिनी," इंजिनिअर म्हणाला. "रेघ सरळ नेता येईल, किंवा इथे जरा वळवता येईल. तुमच्या गल्लीने सांगायचं. आम्ही तसं करू."

सरळ गेली तर टपरी मंडईच्या मागे न्यायची होती. तिथे चालत जायला वीस मिनिटं लागतात. चार शर्टांसाठी वीस मिनिटं कोण तंगडतोड करणार? टपरी गेली म्हणजे धंदा बुडालाच, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. घर टपरीवर चालत होतं आणि लेकीचं कॉलेजही. लेक दुसऱ्या वर्षाला होती. संध्याकाळी येऊन टपरीच्या आत खाली बसून कपड्यांच्या घड्या घालून देई, न सांगता. अशी पोर नशिबाने मिळते, असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी.

त्या सभेत वहिनीला धीर दिला तो बाईंनी. बाई म्हणजे समोरच्या तिसऱ्या घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, मुलंबाळं नाहीत, पण गल्लीतली अर्धी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. वहिनीची लेक तर पहिलीपासून दहावीपर्यंत रोज संध्याकाळी बाईंच्या जेवणाच्या टेबलाशी बसून शिकली. वर्षभरापासून बाईंचे गुडघे धरले होते, तेव्हा त्यांचं गाठोडं आणायला आणि पोचवायला लेकच जाई, आणि गेली की तास-तासभर तिथेच रमे. वहिनी बाईंना देवाच्या जागी मानत होती, असं म्हटलं तर वहिनीला आवडलं नसतं, पण खरं तेच होतं.

बाई काठी टेकत उभ्या राहिल्या. "ही टपरी हलली तर मी आधी तिच्या दारात येऊन बसेन," त्या म्हणाल्या. "मग माझ्यावरून न्या तुमची रेघ."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. औषधाच्या दुकानदाराने वाजवल्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वाजवल्या, बँकेतून निवृत्त झालेले काका तर उभं राहून वाजवत होते. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. 

"छान," इंजिनिअर म्हणाला. "आता प्रत्येक घराने एकेक चिठ्ठी लिहायची. काय हवं, काय नको. नाव लिहू नका. नाव नसलं की माणूस मोकळेपणाने लिहितो. सगळ्या चिठ्ठ्या बाहेरच्या फळ्यावर लावतो, आठ दिवस सगळ्यांनी वाचा. पुढच्या शनिवारी ठरवू."

घरोघर चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, पेटीत पडल्या, आणि सोमवारी सकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर टाचण्यांनी लागल्या. वहिनी टपरी उघडण्याआधी तिथे गेली. तिला वाटलं होतं, जरा मनाला बरं वाटेल.

पहिली चिठ्ठी झाडांबद्दल. दुसरी गतिरोधकाबद्दल. तिसरीवर लिहिलं होतं: कोपऱ्यावरची टपरी हलवल्यास गाडी वळवायला सोयीचे होईल. आणि तो 'टपरी'मधला ट काकांचा होता. शर्टच्या ट ला ते अश्शीच शेपटी काढत, सतरा वर्षं.

वहिनी पुन्हा वाचायला लागली. मजकूर राहिला बाजूला, आता ती अक्षरं वाचत होती. औषधवाला. डॉक्टरीणबाई. पिवळ्या गेटचे दोघे नवरा-बायको, घराला एक असून दोन टाकणारे, जे एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाहीत, पण टपरीवर झाले होते. तिने बोट ठेवून मोजलं. टपरी काढा म्हणणाऱ्या नऊ चिठ्ठ्या. आठ तर टाळ्या वाजवणाऱ्यांच्याच होत्या. इंजिनिअरने नावं लिहू नका म्हटलं म्हणून सगळ्यांनी जीव सैल सोडून लिहिलं होतं. या गल्लीचं अक्षर ओळखणारं एक माणूस कोपऱ्यावर रोज बसतं, हे बेचाळीस घरांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आठांचा तिला राग आला. ओठांत एक, पोटात एक, असली माणसं ती रोजच बघत होती. पण नववी चिठ्ठी वाचून तिने फळ्याच्या कडेला हात टेकला.

कोपऱ्यावरची इस्त्रीची टपरी काढून टाकावी. तिच्यामुळे आपली गल्ली गरीब दिसते.

अक्षर नेटकं, सरळ, ल च्या दोन्ही गाठी सारख्या, आणि वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी एक लहानशी तिरकी रेघ. दर आठवड्याला बाईंच्या यादीवर असते तशी. ती रेघ गल्लीत दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

त्या दिवशी तिच्या हातून एका शर्टाची कॉलर करपली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. तिला राहून राहून एकच गोष्ट छळत होती. टपरी नको असेल तर नको म्हणा, समोर बसून सांगा, भांडा. पण सगळ्यांसमोर छातीवर हात मारायचा आणि मागे जाऊन हे लिहायचं? गरीब दिसते? आपल्या पोरीला दहा वर्षं ज्या टेबलाशी बसवलं, तिथूनच कुणी असा केसाने गळा कापावा! काका-बिका गेले खड्ड्यात. पण बाई?

लेकीला तिने फक्त एवढंच विचारलं, "बाई माझ्याबद्दल कधी काही बोलतात?"

लेक घडी घालत होती. "काय बोलणार?" ती म्हणाली. मान वर न करता.

शनिवारी हॉल गच्च भरला. वहिनी येताना फळ्यासमोर थांबली, नऊ टाचण्या काढल्या आणि नऊ चिठ्ठ्या पदराखाली घेऊन आत गेली. लेक मागच्या रांगेत बसली. इंजिनिअरने कागद बघून सांगायला सुरुवात केली, झाडांच्या बाजूने इतक्या, गतिरोधकाच्या बाजूने इतक्या, आणि टपरीचं म्हणाल तर एक चिठ्ठी ठेवा म्हणते, नऊ काढा म्हणतात, बाकीचे गप्प आहेत, तेव्हा रेघ सरळ...

"एक मिनिट, साहेब," वहिनी उठली. "माझ्या टपरीची एक रीत आहे. माल कुणाचा का असेना, ज्याचा त्याच्या घरी पोचवल्याशिवाय मी हिशेब बंद करत नाही."

ती थेट काकांसमोर गेली आणि चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली. "ही तुमची."

काका हसले. "माझी कशावरून?"

"ट वरून. गेल्या सोमवारच्या यादीवरही असाच आहे, दाखवू? यादी टपरीत आहे."

काकांचं हसू तिथेच विरलं. वहिनी पुढे गेली. औषधवाल्याला त्याची दिली. "तुमचं बनियन मी सतरा वर्षं वाचतेय, तुमचं अक्षर जगात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, मला येतं." कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण वहिनी त्याच्याकडेच वळली होती. पिवळ्या गेटवाल्यांना तिने दोन चिठ्ठ्या दिल्या, म्हणाली, "जोडीने आल्यात, जोडीनेच घ्या." डॉक्टरीणबाईंनी हात पुढे न करताच चिठ्ठी पर्समध्ये टाकून घेतली. एकालाही आपली नाही असं म्हणायची छाती झाली नाही.  इंजिनिअर पेनचं टोपण काढत आणि लावत राहिला.

शेवटची चिठ्ठी घेऊन वहिनी बाईंसमोर उभी राहिली. 

"आणि ही तुमची, बाई."

बाईंनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. वहिनीच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघितलं आणि चिठ्ठी उलटी करून मांडीवर ठेवली. "हो," त्या म्हणाल्या. "माझीच आहे."

"वाचू सगळ्यांना? गरीब दिसते म्हणून लिहिलंय."

"नको वाचूस."

"मग मागल्या खेपेला ते काय होतं? माझ्यावरून रेघ न्या? ती नाटकं कशाला? मी तुम्हाला... माझी पोर मी तुमच्या ओटीत टाकली होती हो."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. एवढंच. काठी शोधून त्या उठल्या आणि एकेक पाऊल टाकत हॉलमधून निघून गेल्या. त्यांना दार उघडून द्यायलाही कुणी उठलं नाही.

मग इंजिनिअरने विचारलं, टपरीबद्दल कुणाला काही म्हणायचंय का. चिठ्ठीवाल्यांनी खाली माना घातल्या होत्या. काका म्हणाले, राहू द्या, वळवा रेघ. सगळ्यांनी हात वर केले. वहिनी जिंकली होती. बाहेर येऊन तिने लेकीला शोधलं, तर ती केव्हाच उठून गेली होती. तिलाही सहन झालं नसणार, वहिनीला वाटलं. बाईंवर तिचाही जीव.

सोमवारी बाईंचं गाठोडं तयार होतं. दोन झगे, एक चादर, चार अभ्रे. वहिनीने ते लेकीला नेऊ दिलं नाही, लेक कॉलेजला गेल्यावर स्वतःच घेऊन गेली. मनात वाक्य तयार होतं: हे शेवटचं, यापुढे दुसरीकडे बघा.

बाईंनी दार उघडलं. वहिनीने गाठोडं टेबलावर ठेवलं, तयार वाक्य म्हणून टाकलं आणि पोचेची वही पुढे केली. कपडे मिळाल्याची सही घेतल्याशिवाय ती कुठल्याच घरातून हलत नसे, आणि इथे तर मुळीच सूट नव्हती.

"सही तुझ्या लेकीकडे दिली तर चालणार नाही का?" बाईंनी विचारलं.

"नाही. आता व्यवहार तो व्यवहार."

बाई खुर्चीत बसल्या. पेन उचललं, ते हातातून सुटलं. पुन्हा उचललं. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तरी पेनाचं टोक कागदावर थरथरत राहिलं आणि चौकटीबाहेर एक वेडीवाकडी नागमोडी उमटली. तिच्यात एकही अक्षर नव्हतं. बाई ओशाळल्या. "बघ, असं होतं," त्या म्हणाल्या.

वहिनी त्या नागमोडीकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं. कुणाला सांगितलं नव्हतं. फळ्यावर लिहिण्यात जन्म गेला, आणि आता हे. लाज वाटते गं."

"मग तुमची यादी..." वहिनीने वहीची मागची पानं उलटली. दर आठवड्याची सही होती, नेटकी, सरळ, शेवटी तिरकी रेघ. "यादी कोण लिहितं तुमची? सही कोण करतं?"

बाई पेनाचं टोपण लावायला धडपडत राहिल्या. वहिनीने त्यांच्या हातातून पेन घेऊन टोपण लावलं.

"मीच गळ घातली होती तिला, कुणाला सांगू नकोस म्हणून," अखेर बाई म्हणाल्या. "अक्षर तिने माझंच उचललं आहे लहानपणापासून. आता मलासुद्धा वेगळं ओळखू येत नाही."

लेकीचं अक्षर वहिनीने शाळा सुटल्यापासून बघितलंच नव्हतं. कॉलेजचा अभ्यास कॉम्प्युटरवर, निरोप फोनवर. बेचाळीस घरांचं अक्षर जिला पाठ, तिला आपल्या घरचं तेवढं ठाऊक नव्हतं. घरची चिठ्ठी म्हणून तिने स्वतःच एक लिहून टाकली होती, टपरी ठेवा म्हणून. आणि बाईंची चिठ्ठी? ती कुणाच्या हातात दिली, कुणी पेटीत टाकली, हे विचारायची आता गरज नव्हती.

"तुम्ही काय लिहायला सांगितलं होतं तिला?"

"टपरी आहे तिथेच राहावी, एवढंच."

"आणि त्या दिवशी माझीच आहे म्हणालात."

"ती मागे बसली होती. पांढरीफटक पडली होती. इतक्या लोकांत पोरीचं..." बाईंनी हात झटकला. "मी म्हातारी. मला काय फरक पडतो? तू तिला बोलू नकोस हं. वय आहे. कॉलेजातल्या मुली त्या कोपऱ्यावरून जातात, तेव्हा ती खाली बसून राहते, म्हणाली होती मला एकदा."

खाली बसून राहते. आणि वहिनी समजत होती, पोर घड्या घालायला बसते.

तिने वाकून बाईंच्या पायांना हात लावला आणि बाहेर पडली. टपरीत येऊन तिने इस्त्री लावली, पण कपड्याला हात घातला नाही. टपरी गरीब दिसते म्हणणं एकवेळ तिने गिळलंही असतं. आपल्या पोराला आपली लाज वाटणं हे काही जगावेगळं नाही, तिलाही तिच्या वयात स्वतःच्या आईची वाटली होती. पण विश्वासाने हातात दिलेली चिठ्ठी बदलायची, आणि म्हातारं माणूस आपल्यापायी भर सभेत मान खाली घालून काठी शोधत असताना मागच्या दाराने निघून जायचं? गल्लीने फसवलं त्याचं काही नव्हतं, गल्ली परकी. हे तिच्या पोटचं होतं. आणि बाईंना तिने काय काय बोलून घेतलं होतं! तिचं मन जळत होतं, आणि रडू काही येत नव्हतं.

संध्याकाळी लेक आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि नेहमीसारखी खाली बसली.

"तिथे नको, इथे बस," वहिनीने उंच स्टूल पुढे सरकवलं, अगदी खिडकीपाशी. मग एक कोरा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली. "एक यादी लिही. गाठोडं यादीशिवाय आलंय. शर्ट चार, चादरी दोन, अभ्रे सहा. आणि खाली लिही, गल्ली."

"गल्ली कशाला?"

"लिही."

लेकीने पेन्सिल उचलली. आईच्या तोंडाकडे बघितलं, मग कागदाकडे. तिला कळलं होतं. वहिनीला वाटलं, आता ही पेन्सिल खाली ठेवेल, आई म्हणेल, रडेल, भांडेल, लाज वाटते म्हणून ओरडेल तरी. वहिनी त्याला तयार होती. त्याचीच वाट बघत होती.

लेक लिहायला लागली. अक्षरं मोठी, तिरपी, एक खाली एक वर, शर्टचा ट मोडलेला, चादरीची वेलांटी उगाच लांब ओढलेली. इतकं जपून लिहीत होती की कपाळावर घाम आला. गल्लीतला ल तिने दोन वेगळ्या आकाराच्या गाठींचा काढला, आणि शेवटी तिरक्या रेघेऐवजी ठसठशीत टिंब दिलं. मग कागद आईकडे सरकवला.

वहिनीने तो वाचला. घडी घालून पदराला बांधला.

"अक्षर फार बिघडलंय तुझं," ती म्हणाली. "जा, बाईंकडे जाऊन ये."

लेक स्टुलावरून उतरली. पिशवी घेतली नाही. टपरी कोपऱ्यावर असल्यामुळे वहिनीला दोन्हीकडचे रस्ते दिसत. लेक क्षणभर थांबली आणि बाईंच्या घराच्या उलट बाजूला वळली.